साडेचार जीबीचा अन्याय

प्रामाणिक संताप कसा असतो, ते मी खालापूरच्या एका मोबाइलच्या दुकानात पाहिलं. गिऱ्हाइकाचा शर्ट पांढराशुभ्र होता, कानात ब्लूटूथ होतं आणि मेलेली पाल धरावी तसा त्यानं पेनड्राइव्ह चिमटीत धरला होता.

“पाकिटावर चौसष्ट जीबी, कॉम्प्युटरवर साडेएकोणसाठ. बाकीचे कुठं गेले?”

“माल तेवढाच हाय, साहेब,” दुकानदार म्हणाला. “कंपनी केबी, एमबी, जीबी सगळं हजारानं मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं.”

“म्हणजे छापायचं एक आणि द्यायचं एक? लोकांना लुटता तुमी!” त्यानं काउंटरवर हात आपटला आणि माझ्याकडं वळला. “बोला ना, काका!”

मी मान डोलावली. मला खरंच पटलं होतं.

तेवढ्यात त्याला फोन आला आणि आवाज एकदम मधाळ झाला.

“हां ताई, मिळाली ना शेलूच्या फ्लॅटची चावी? नाय ओ, सहाशे फुटाचाच हाय तो. आत चारशे भरतो, कारण जिना, लिफ्ट, भिंती सगळं त्यात धरतात. फसवणूक कसली, ताई? मोजायची पद्धतच तशी असते.”

फोन ठेवून तो पुन्हा दुकानदाराकडं वळला.

“हां, तर माझे साडेचार जीबी?”