शिवेवरचं पान

पोंभुर्ण्याच्या आमच्या ड्रायव्हरभाऊंची एक सवय आहे. जंगलात एखाद्या गावाची शीव आली की ते गाडी थांबवतात, चप्पल काढतात आणि शिवेवरच्या दगडाच्या देवाला झाडाचं पान वाहून येतात. मी घाई केली तर म्हणतात, "दुसऱ्याच्या घरी विचारूनच जा लागते नं!"

यंदा त्यांच्याच गाडीने आम्ही नेपाळ फिरायला गेलो. सीमेवर मी कागदपत्रं घेऊन रांगेत होतो. भाऊ सरळ बंदूकवाल्या शिपायापाशी गेले. "साहेब, यहाँ शिव का देव किधर है?" शिपायाने शंकराच्या देवळाकडे बोट दाखवलं. "तो नाई जी, शिवेचा!" रांग हसायला लागली, मी मान खाली घातली. भाऊंनी फाटकाच्या खांबाशी पान ठेवलं आणि हात जोडले.

परत आल्यावर पोंभुर्ण्याच्या शिवेवर मीही उतरलो. भाऊ देवाला आमची नावं सांगत होते. माझ्या बायकोचं, पोरीचं, मग माझं. "साऱ्याईले वापस आणलो. अन् मी बी आलो."

स्वतःचं नाव त्यांनी घेतलं नाही. देवाला ते ठाऊक होतं. मी मात्र कधी विचारलंच नव्हतं.