एका गावातून एकच बाई

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी प्रोग्रॅम लिहायचे. वय चाळिशीचं, घमेंड विशीतली. नुकतंच ओआरएम शिकले होते. ओआरएम म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषी. आपण इकडे नियम सांगायचा, त्यानं तो तिकडच्या टेबलाला, म्हणजे नोंदींच्या तक्त्याला, कळवायचा. एकाच प्लॉटची दोनदा नोंद होऊ नये, म्हणून मी गाव, गट नंबर आणि नाव या तिन्ही रकान्यांवर वेगवेगळं 'युनिक', म्हणजे 'इथली नोंद दुसऱ्यांदा नको', असं लिहून मोकळी झाले. तपासायला तीन खोटे शेतकरी घातले. तीन गावं, तीन गट, तीन नावं. सगळे बिनबोभाट गेले. मी स्वतःसाठी स्पेशल चहा मागवला.

वाटपाचा एकच दिवस होता. नोंद झाली तरच, कंपनीसाठी संकरित बियाणं पिकवायला, कपाशीच्या नर-मादी बियाण्याची पिशवी मिळणार. पहिला शेतकरी अंबडकडचा, गट बारा. त्याच्यामागे जाफराबादकडच्या दोघी जावा. थोरलीचाही गट बारा. स्क्रीनवर लाल पट्टी.

"मावशी, बारा नंबर दुसऱ्याचा आहे," मी ऐटीत म्हणाले.

तिनं सातबारा माझ्या नाकापुढे धरला. "त्याचा बारा अंबडाकडं. माझं वावर कसून राह्यला का त्यो?"

रांग खो खो हसली. मी गटावरचं 'युनिक' खोडलं. तरी लाल! दुभाष्यानं खोडलेलं टेबलाला कळवलंच नव्हतं. मग टेबलात शिरून हातानं काढलं. थोरलीची नोंद झाली. धाकटी पुढे आली, तर पुन्हा लाल. या गावाची नोंद आधीच आहे म्हणे.

"मंग आमच्या गावातून एकच बाई पेरणार का?" धाकटी कडाडली.

"अगं बाई," थोरली मला समजावू लागली, "गाव आमचं एकच, गट बी एकच, अर्धा-अर्धा. नाव तेवढं येगळं. तिन्ही मिळून बघ की."

पुस्तकात नेमका हाच धडा होता. सोपा म्हणून मी तो ओलांडला होता! उरलेलं सुटं 'युनिक' टेबलातूनही काढून तिन्ही रकाने एकाच नियमात बांधले. तिन्ही जुळले तरच नकार. धाकटीची नोंद अगदी सुरळीत झाली.

थोरली मात्र हलेना. "आता माझं पुन्यांदा घालून बघ."

मी घातलं. लाल पट्टी.

"हां, आता बराबर."

धाकटीनं तिला कोपरानं डिवचलं. "अन् लाल झालं नसतं, तर दुसरी पिशवी उचलणार व्हत्या ना?"

"मंग काय सोडणार व्हते?"