हवेत थांबलेलं लोखंड

लोकांचे न उलगडणारे अनुभव मी वाचतो, पण बहुतेक वेळा हसून पुढे जातो. माझं सगळं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये, लोखंडाचे साचे आणि हत्यारं घडवण्यात गेलं. लोखंड तापलं की वाढतं, सोडलं की पडतं... यापलीकडे त्याच्या मनात काही नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. फक्त एक दुपार सोडून.

मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. हायवेपासून जरा आत घर, घरामागे टिनाचं शेड आणि त्यात माझं छोटं वर्कशॉप. नोकरी सोडली तेव्हा एकच हौस राहिली होती – लोखंड कापून आकार देणारी स्वतःची मिलिंग मशीन. तीही जुनी. जुन्या मशीनच्या ओतकामात जो दम असतो तो आताच्या मशीनमध्ये मला दिसत नाही.

अशी एक मशीन अड्याळला असल्याचं कळलं. थ्रेशरचे आणि राइस मिलचे पार्ट दुरुस्त करणारे एक मिस्त्री वारले होते. दुकान बंद पडलेलं. त्यांच्या पत्नी वच्छलाकाकू मशीन द्यायला तयार होत्या. गंजलेली, जळमटं लागलेली, पण स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, हाताने फिरवून पाहिला आणि समजलो – ही उठणार. ट्रॅक्टर-ट्रॉलीत घालून घरी आणली.

पुढचे काही आठवडे मी आणि डिझेलचा डबा. एक-एक पार्ट खोलायचा, धुवायचा, पॉलिश पेपर मारायचा. माझी बायको रेखा येऊन-जाऊन मदत करायची. तिचं माहेर विणकरांचं. मागाच्या खटखटाटात वाढल्यामुळे यंत्राचं तिला भय नाही.

आता त्या दुपारचं. मिलिंग मशीनच्या टेबलाखाली एक जाडजूड भाग असतो, उभ्या खांबावर वर-खाली सरकणारा. आम्ही त्याला 'नी' म्हणतो, इंग्रजीतला गुडघा. दोन तगड्या माणसांनाही उचलणार नाही एवढा जड. त्याला खालून पेलणारा स्क्रू मी साफ करायला काढून ठेवला होता. बाजूची कसणारी पट्टीही काढली होती. म्हणजे नी पूर्ण मोकळी. म्हणून वरून चेन पुलीने बांधली होती आणि खाली सागाचा ठोकळा दिला होता. दोन-दोन आधार. मी घाईगर्दीचा माणूस नाही.

खालच्या बेसमध्ये वर्षानुवर्षांचा चिखल झालेलं ग्रीस बसलं होतं. ते काढायला मी कोपरापर्यंत हात आत घातला. उजवा हात. रेखा बाजूला बॅटरी धरून उभी.

वर 'टण्' असा आवाज झाला. साखळीची कडी उघडली होती. नी दणक्यात ठोकळ्यावर आली आणि डिझेलने ओल्या झालेल्या फरशीवरून ठोकळा साबणासारखा निसटून भिंतीवर आदळला.

मी हात ओढला. निघेना. शर्टाच्या बाहीची पट्टी आतल्या बोल्टमध्ये अडकली होती. डोळे मिटून घेतले... आणि काहीच झालं नाही.

डोळे उघडले. नी माझ्या दंडाच्या वीतभर वर थांबली होती. खाली ठोकळा नाही. वर साखळी लोंबकळत होती, रिकामी.

"हात काढा पहिले," रेखा म्हणाली. आवाज एकदम शांत.

"बाही अडकली. निघून नाही राहिली."

"हलू नका. कैची आणाले चालली मी."

ती घरात गेली. शेडपासून घर म्हणजे मधे अंगण आणि न्हाणी. तेवढा वेळ मी आणि ती मशीन. मी वर पाहत होतो. आणि मला दिसलं – नी थरथरत होती. मोटरची थरथर मला ठाऊक आहे, ही तशी नव्हती. धानाचं भरलेलं पोतं कोणी उचलून धरावं आणि दंडात कंप सुटावा, तशी. का कोण जाणे, मी हळूच म्हणालो, "थोडं अजून."

रेखा आली. वाकून कैची आत घातली, बाही कापली, मला मागे ओढलं. आम्ही दोघं फरशीवर बसतो न बसतो तोच नी खाली कोसळली. बेसचा एक कोपरा तुटला. नंतर मी तो ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, जोडून घेतला.

आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मग मीच म्हणालो, "तिरकी होऊन अटकली असन."

"मंग हालत काहून होती?" रेखाने विचारलं.

म्हणजे तिनेही पाहिलं होतं.

तुमच्यातले जाणकारही तेच म्हणतील – तिरकी होऊन फसली. मीही गप्प बसलो नाही. दुसऱ्या दिवशी नवीन साखळी आणली, खाली जुने टायर रचले, नी तशीच मोकळी ठेवून वर घेतली आणि सोडली. पडली. तिरकी धरून सोडली, पडली. ग्रीस लावून, ग्रीस पुसून, सगळं करून पाहिलं. एकदाही अडकली नाही.

शेवटी वच्छलाकाकूंना फोन केला. मिस्त्रींच्या बाबतीत मशीनवर काही घडलं असेल, असं मनात होतं.

"काकू, या मशीनवर कधी काही झालं होतं का?"

"काही नाही जी," त्या म्हणाल्या. "ते तं दवाखान्यात गेले, तापानं. मशीननं कधी कोनाले खरचटलं नाही. काहून जी, तुमाले काही लागलं का?"

"नाही. मले काही नाही लागलं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि मशीन चालते का ते विचारू लागल्या.

चालते. उत्तम चालते. मी रोज तिच्यावर काम करतो, बिनधास्त. भीती वाटत नाही, उलट त्या शेडमध्ये मला बरं वाटतं. तसं पुन्हा कधी काही घडलं नाही. कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. माझ्याकडे नाही.

त्या दिवशी ते वजन कशाने पेललं, मला माहीत नाही. पण त्याला ते जड जात होतं, एवढं आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.