पाठमोरं पाणी

माझी भावजय एव्हिस जन्मभर समुद्रावर गेली, पण तिने समुद्र पाहिला तो पाठमोरा. माझा भाऊ एल्वुड सुकाणूवर, आणि ही मागे, त्याच्याकडे पाठ करून, शेवंडीच्या सापळ्यांत हेरिंग माशांचं आमिष भरत बसलेली. आमच्याकडे होड्यांना बायकांची नावं देतात. 'एव्हिस ई.' हिच्याच नावाची, पण सुकाणूला हिचा हात कधी लागला नाही. बेटं, खडक सगळं तिला ओळखू यायचं ते मागे पडल्यावर.

एल्वुड वारला आणि त्याचा पुतण्या डॉर्मन होडी मागायला आला.

"एव्हिसकाकू, उलट्या तोंडाने होडी चालवणार का?"

"बघते चालवून. नाहीच जमलं तर दिली तुला."

सुकाणूजवळ एल्वुडचा टॅब लावलेला होता. त्यात समुद्राचा नकाशा आणि आपली होडी म्हणून एक बाण. एव्हिसला सगळी बेटं उलटी वाटायची. तिने टॅब काढून खाली डोकं वर पाय केला, तर नकाशा आपोआप पुन्हा सुलटा. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच.

"मालकावर गेलाय बघ, म्युरिएल," ती मला म्हणाली. "माझ्या बाजूने बघायचं नावच नाही."

सप्टेंबरात मी तिच्या मदतीला गेले. मदत कसली, तोंडाची टकळीच जास्त. शेवटचा सापळा पाण्यात सोडला आणि धुकं उतरलं. होडीचं पुढचं टोकही दिसेना. बंदराच्या तोंडाशी दोन खडक, मधली वाट जेमतेम, त्यात ओहोटी लागलेली. मी गप्प झाले, यावरूनच काय ते समजा.

एव्हिस ओल्या बोटाने नकाशा मोठा करायला गेली. पडद्यावर खारं पाणी ठिबकलं आणि नकाशा पळतच सुटला.

"अगं बाई, आफ्रिकेत पोचलो!"

"तिथे ऊन तरी असेल," मी म्हटलं आणि डगल्याखालच्या कोरड्या सदऱ्याने पडदा खसाखसा पुसला. पुसताना कुठलीशी खूण दाबली गेली, आणि नकाशाभर पांढऱ्या रेघा उमटल्या.

एल्वुडच्या फेऱ्या होत्या त्या. वर्षानुवर्षांच्या, एकीवर एक. बंदराच्या तोंडाशी सगळ्या मिळून जाड दोर झालेला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन मोकळ्या जागा. तिथे एकही रेघ नाही. खडक तिथेच. त्याने ते कधी दाखवले नव्हते, फक्त तिकडे कधी गेला नव्हता. पाण्यावर कुणाची पावलं राहत नाहीत म्हणतात. माझ्या मुखदुर्बळ भावाची राहिली होती.

एव्हिसने बाण त्या दोरावर आणला.

"सरक रे जरा, मला दिसू दे," ती हळूच म्हणाली. माझ्याशी नव्हे.

डावीकडे लाट फुटल्याचा आवाज आला, मग उजवीकडे. मग दोन्ही मागे राहिले. ती मागे वळली नाही.

धक्क्यावर डॉर्मन उभा होता, तोंड पांढरंफटक. "काय ठरलं मग, काकू?"

"दोर नीट बांध. माझी होडी आहे."

मग तिने मला सुकाणूपाशी बोलावलं. पडद्यावर आजची तिची रेघही उमटली होती. आम्ही दोघी डोळे बारीक करून पुष्कळ शोधत राहिलो. एल्वुडच्या रेघांतून ती काही निराळी काढता येईना.