दाढ काढायच्या आधी

आप्पा बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, तोंडाकडे बघत. नवख्या माणसाला वाटे, ओठांना काही लागलंय की काय. तो बिचारा रुमालानं तोंड पुसू लागे आणि आप्पा शांतपणे विचारत, "उजव्या बाजूनं चावत न्हाई का तुम्ही?" उभा जन्म त्यांनी बैलबाजारात दलाली केली होती. बैल आदत की दुसा की चौसा, म्हणजे त्याचं वय काय, ते जबडा उघडून दात बघून सांगत आणि त्यावर व्यवहार ठरे. धंदा सुटला तरी नजर सुटलेली नाही, एवढंच मला सुरुवातीला वाटलं होतं.

माझी बदली न्हावऱ्याजवळच्या शाळेवर झाली आणि मी आप्पांच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलगा-सून कारखान्याच्या नोकरीपायी चाकणला. घरात आप्पा एकटे, पलीकडे मी एकटी. त्यांचा स्वयंपाक तेच करत. भाकऱ्या मात्र चांगल्या गोल जमायच्या, माझ्यापेक्षा तर नक्कीच. आप्पा आता नाहीत, म्हणून हे कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी माझा कान ठणकत होता. सकाळी उठल्यावर तोंड धड उघडत नसे, घास चावताना कानापुढे कळ यायची. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दाढ काढू म्हणून सांगितलं आणि मी दिवसही ठरवला. आप्पांना हे कळलं तेव्हा ते धुण्याच्या दगडाजवळ उभे होते.

"दाढ किडलीया का?"

"किडलेली नाही. पण दुखतं ना."

"मंग चांगली दाढ कशाला काढता? तोंडात तीन बोटं घाला बरं. तुमचीच. एकावर एक, उभी."

मला राग आला. मी काय यांच्या दावणीचं जनावर आहे का? पण खोलीत जाऊन, दार लावून, मी बोटं घातली. दोनच गेली, तीही मुश्किलीनं.

पुण्यातल्या जबड्याच्या डॉक्टरांकडे आप्पाच मला घेऊन गेले. स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुखणं दाढेचं नव्हतंच, कानापुढे जबड्याचा जो सांधा असतो त्याचं होतं. मऊ खाणं, गरम शेक, तोंडाचे हलके व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची एक पट्टी, एवढ्यावर काही महिन्यांत ते ओसरलं. दाढ अजून माझ्या तोंडात आहे.

दर आठवड्याला आप्पा एसटीनं शिरूरला किंवा दौंडला जात आणि बाजाराच्या तोंडाशी एक पुठ्ठा घेऊन बसत. पुठ्ठ्यावरची अक्षरं माझी, मजकूर त्यांचा: 'तोंडात तीन बोटं जातात का? नसतील जात, तर दाढ काढायच्या आधी जबडा दाखवा.' लोकांना वाटे, म्हातारा दंतमंजन विकतोय. "केवढ्याला पुडी, बाबा?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "पुडी न्हाई. फुकटची अक्कल हाय, न्या." फुकट म्हटल्यावर माणूस पुढे सरके. तरी एखादा थांबला तर त्याला उगाच घाबरवत नसत. "नुसता कट्कट् आवाज येतोय, दुखत न्हाई? मंग बिनघोर भाकरी खा. जा घरी," असं सांगून वाटेला लावत.

एकदा दौंडच्या बाजारात गालाला पदर लावून बसलेली एक बाई त्यांना दिसली. सवयीनं ते बोलून गेले, "बाई, तोंड उघडून दाखव बरं." तिच्या दिरानं आप्पांची कॉलर धरली. आप्पा घरी आले ते सदऱ्याचं वरचं बटण गमावून. खिचडी टाकली, जेवले आणि भांडी घासली. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी येऊन झालं ते सांगितलं आणि म्हणाले, "बाई, बायांशी बाईनंच बोलाय पायजे. तुम्ही येता का संगं बाजाराला?"

मी म्हणाले, पेपर तपासायचेत. पेपर बिपर काही नव्हते. एकटी राहणारी मास्तरीण म्हाताऱ्याबरोबर बाजार फिरतेय म्हटल्यावर गाव काय म्हणेल, याची भीती होती. "व्हय, तुमचं काम पयलं," म्हणून ते पुठ्ठा काखेत मारून निघून गेले. त्या वाक्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

कुणाच्या घरी जेवायला बसले तर आप्पांचा हट्ट असे, की त्या घरच्या सुनेनं आधी समोर बसून जेवावं. "ती चावती कशी ते बघू द्या, मंग म्या घास घेतो." आपल्याकडे पाहुण्यानं असं बोलणं म्हणजे यजमानाला कानफटात मारणं. हळूहळू आमंत्रणं कमी झाली. समोरच्या घरी वास्तुशांतीचा मांडव घातला तरी आप्पा आपल्या पायरीवर लसूण सोलत बसलेले मी पाहिले आहेत.

त्याच पायरीवर त्यांनी मला त्यांच्या मंडळींबद्दल सांगितलं.

"घरातली समदी जेवली की मंग ही चुलीपुढं बसायची. काय खाती, किती खाती, कोण बघतंय? ताकात भाकरी कुस्करायची आन् गिळायची. कित्येक वर्सं चावलंच न्हाई तिनं. गाल दुखतो म्हणायची. आई म्हणायची, मशेरीनं दात गेल्यात. म्या तिला नेलं आन् दाढ काढून आणली. तरी दुखायचं. मंग दुसरी. मंग तिसरी. तिन्ही चांगल्या व्हत्या, बाई."

ती तापाचं निमित्त होऊन गेली. पुढे आप्पांचाच दात हलायला लागला, तेव्हा शिरूरच्या एका तरुण डॉक्टरांपाशी त्यांनी सहज तिची गोष्ट काढली. ते म्हणाले, आजोबा, ते बहुतेक जबड्याच्या सांध्याचं असणार, दाढा काढायची गरज नव्हती.

"बैलानं वैरण टाकली तर म्या रातचा उठून दावणीला जायचो, तोंड उघडून बघायचो," आप्पा म्हणाले. "हिचं एकदाबी न्हाई बघितलं."

यानंतर मात्र मला घरात बसवेना. शाळेच्या माता-पालक सभेत गणवेशाचं बोलणं संपल्यावर मीच विषय काढला. आधी खूप हशा झाला, सगळ्याजणी पदराआड बोटं घालून बघत होत्या. सभा संपल्यावर निमोण्याहून आलेली एक आई मागे रेंगाळली. तिचं एकच बोट जात होतं. दाढ काढायला दोन दिवसांनी बोलावलं होतं. आप्पा फाटकाबाहेर लिंबाखाली बसले होते. मी धावत जाऊन म्हणाले, "आत चला, तुम्हीच समजावा तिला."

"म्या आलो तर ती गप बसंल. तुम्हीच बोला."

मी बोलले. तिनं दाढ काढली नाही, पुण्याला जाऊन आली. आप्पांना सांगितलं तर नुसते "बरं झालं" म्हणाले आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली दौंड तालुक्यात झाली. फाट्यावर मला सोडायला ते आले होते. एसटीला उशीर होता. इतक्या दिवसांत माझ्या दुखण्याबद्दल त्यांनी शंभर गोष्टी विचारल्या होत्या, पण त्या दिवशी विचारलेली एक कधीच विचारली नव्हती.

"बाई, खरं सांगा. किती दुखतं वो ते?"

थोडंसं, असं म्हणता आलं असतं. त्यांच्या सगळ्या पै-पाहुण्यांनी तेच सांगितलं होतं, त्यांच्या बायकोला एवढं काही नव्हतं म्हणून. पण तेच दुखणं सोसून तिच्या बाजूनं बोलू शकेल असं त्यांच्या ओळखीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"खूप दुखतं, आप्पा," मी म्हणाले. "जांभई आली तरी भीती वाटते. पुढ्यात ताट असतं, भूक असते, आणि खाता येत नाही."

एसटी दिसली, तशी त्यांनी माझी पिशवी उचलली.

"तिसऱ्या दाढंच्या टायमाला ती नको म्हणत व्हती," ते म्हणाले. "खुर्चीतनं उठाय लागली. तिचं डोकं म्या दाबून धरलं."

कंडक्टरनं घाई केली. आप्पांनी पिशवी आत सरकवली, मी चढले आणि दार लागलं. मला खाली उतरून त्यांच्याजवळ थोडा वेळ बसता आलं असतं. मागून दुसरी एसटी होती. मी उतरले नाही.