पार्टी निघाली

आमच्या भागात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पण गावात मी मेजरच. सुरुवातीला लोकांना दुरुस्त करायचो, मग कंटाळलो. खरं सांगायचं तर मलाही तो मान गोड लागायला लागला होता. पुढं जे झालं त्यात त्या मानाचा हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

नाईक बंकट आमच्याच गावचा. बीड जिल्ह्यात उमापूरहून आत गेलं की आमचं गाव. फौजेत आम्ही एकाच युनिटमध्ये होतो. उत्तर काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर मी पोस्ट हवालदार आणि तो रेडिओ ऑपरेटर. आवाज खणखणीत. वारा कितीही सुटो, त्याचा शब्द सेटवर सुटा सुटा ऐकू यायचा. पोस्टचं रुटीन ठरलेलं. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहायचं, सहाला चहा, सातला बंकरवरचा बर्फ काढायचा, दर तासाला खाली बेसला रिपोर्ट. बंकट मला उस्ताद म्हणायचा. चहात साखर कमी पडली की विचारायचा, उस्ताद, साखर काय बीडहून बैलगाडीत निघालीय का.

जानेवारीत एका सकाळी आठ वाजता चार जणांची गस्तीची तुकडी पोस्टवरून निघाली. १०४० ला बर्फाचा कडा कोसळला आणि तिघं पूर्ण बर्फाखाली गेले. लान्स नाईक अशोक तेवढा कमरेपर्यंत दबलेला होता. सेट त्याच्या हातात होता आणि तो बोलत होता. हवामान असं की हात लांब केला तर पंजा दिसेना. बेसचा हुकूम आला, हवामान उघडेपर्यंत कुणीही पोस्ट सोडायची नाही. हुकूम बरोबरच होता, नाहीतर आणखी सहा माणसं गेली असती.

सेटवर अशोक विचारत होता, "रेस्क्यू पार्टी निघाली का? ओव्हर."

बंकटनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बोल, निघाली."

"उस्ताद, निघाली न्हाई."

"बोल बे. धीर धरंल तो."

बंकट बोलला. मग अशोक दर दहा मिनिटांनी विचारायचा, पार्टी कुठवर आली, आणि बंकट एकेक जागा सांगायचा. नाला ओलांडला. मोठ्या दगडापाशी आली. आता चढ लागला. असं तीन तास चाललं. अशोकचा शेवटचा कॉल १३५० चा. त्यानंतरही बंकट जागा सांगतच होता. शेवटी मी त्याच्या डोक्यावरून हेडसेट काढून घेतला. १५१५ ला हवामान उघडलं आणि आम्ही खरोखरचे निघालो. चौघंही सापडले, जिवंत कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बेसवरून डॉक्टर कॅप्टन वर आले. एकेकाला विचारत होते, झोप लागते का, जेवण जातं का. बंकटचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, मला माहीत होतं. त्याची पाळी आली तसा मी पुढं झालो आणि म्हणालो, "सर, सब ठीक. जवान फिट." कागदावर एकदा डोक्याच्या आजाराची कॅटेगरी लागली की प्रमोशन अडकतं, हत्यार काढून घेतात आणि लंगरमध्ये जेवताना पोरं येडा म्हणून हाक मारतात. देवाशपथ सांगतो, मी त्याला वाचवतोय असंच मला वाटत होतं. डॉक्टरसाहेबांनी माझा शब्द धरला आणि ते पुढच्या जवानाकडं वळले.

मी आधी पेन्शनीत आलो, तो त्या जानेवारीनंतर चार वर्षांनी. तोवर मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव झालेलो. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरी खडखडीत, उसतोडीहून परत आलेली माणसं पारावर बसून. सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली होती. बंकट ओसरीवर भिंतीला टेकून बसायचा. वाळला होता, बोलणं तुटलं होतं. मला दिसत नव्हतं असं नाही. नोकरी सुटली की माणूस थोडा पडतो, असं मी धरून चाललो.

आरोग्य खात्याच्या आशाताई तेव्हा फॉर्म घेऊन घरोघर फिरत होत्या. झोप कशी आहे, भूक लागते का, जीव नकोसा वाटतो का, असे प्रश्न असायचे. ज्याला गरज असेल त्याला त्या बीडला मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन जायच्या. फोनवर बोलायचं असेल तर सरकारी नंबर होता, फुकट. बंकटच्या घरी त्या आल्या तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला आणि उत्तर मी दिलं.

"ताई, फौजी माणूस हाय तो. बर्फात राहिलेल्याला झोपंचं काय इचारता? त्याला काय झालं न्हाई."

ताई म्हणाल्या, मेजर, त्यांना बोलू द्या. बंकटनं माझ्याकडं बघितलं, सेटवर बसल्यावर बघितलं होतं अगदी तसंच, आणि म्हणाला, "उस्ताद म्हणतेत तसंच." ताईंनी फॉर्म मिटला. जाताना सोसायटीच्या भिंतीवर त्या नंबरचं पोस्टर लावून गेल्या. आठवड्याभरात मी त्याच्यावर छावणीच्या नियमांचा कागद डकवला. दुसरी भिंत रिकामी होती, पण ही दाराजवळची होती.

त्याला कामात गुंतवावं म्हणून मी छावणीत बोलावलं आणि त्याचा आवाज चांगला म्हणून माईक हातात दिला. माझ्या अकलेला काय म्हणावं! जनावरांच्या पाण्याचा टँकर रोज उशिरा यायचा. लोक तापले की माईकवरून सांगायचं, टँकर निघालाय, धीर धरा. वाक्य माझंच. पहिल्या दिवशी बंकटनं विचारलं, खरंच निघालाय का. मी म्हणालो, तू बोल, न्हाईतर माणसं माझ्या अंगावर येतेल. तो बोलला, आणि पुढं अठरा दिवस रोज बोलला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी साडेबारा झाले तरी टँकरचा पत्ता नव्हता. हौदाजवळ गर्दी, उन्हानं पत्रा तापलेला. एक म्हातारी माईकपाशी येऊन विचारायला लागली, बाबा, कुठवर आला? बंकटनं सांगितलं, ओढा ओलांडला. थोड्या वेळानं सांगितलं, फाट्यावर आला. मी ऐकलं आणि मनात म्हणालो, गडी मस्त सांभाळतोय. १३१० ला त्यानं माईक टेबलावर ठेवला आणि माझ्याजवळ आला.

"उस्ताद, मी पार्टी घेऊन येतो."

लोक माझ्याशी भांडत होते. टँकरबद्दलच बोलतोय असं धरून मी म्हणालो, जा, कुणाची तरी गाडी घे. त्यानं गाडी घेतली नाही. टोपी नाही, पाणी नाही, भर मे महिन्याच्या उन्हात तो डांबरीनं चालत सुटला.

टँकर १५४५ ला आला. ड्रायव्हर खाली उतरता उतरता हसत होता. म्हणाला, मेजर, रस्त्यात एक येडा आडवा आला. विचारतोय, किती जण जित्ते हायेत.

मी लगेच मोटारसायकल काढली. नऊ किलोमीटरवर एका बाभळीखाली तो पडलेला. अंग भट्टीगत, घामाचा टिपूस नाही. त्याच टँकरवाल्याला फोन लावून पाणी मागवलं, ओला कपडा गुंडाळून जवळच्या आरोग्य केंद्रात नेला. तिथल्या डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं, जे करायचं ते सगळं केलं. १८२० ला बंकट गेला. एकदा डोळे उघडले होते, पण मला ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या भिंतीवरचा नियमांचा कागद काढायला गेलो, तर खालचं पोस्टरही सोबत फाटून आलं.

तेरावं झाल्यावर आशाताई बीडहून एका समुपदेशक बाईंना घेऊन बंकटच्या बायकोकडं, सुमनकडं आल्या. मी ओसरीवर बसलो होतो. सुमन सांगत होती. चार वर्षं सुट्टीत आणि नंतरही, हा माणूस पहाटे उठून भिंतीकडं तोंड करून जागांची नावं घ्यायचा, घामाघूम व्हायचा. बाईंनी हळूच विचारलं, मग ताई फॉर्म घेऊन आल्या तेव्हा सांगितलं का नाही? सुमननं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी दाराआडच हुते. सांगायला निघाल्तेच," ती म्हणाली. "तेवढ्यात भावजी म्हणले, त्याला काय झालं न्हाई. मला वाटलं, ह्ये संगं राह्यलेत, ह्यांना माझ्यापरीस जास्त ठावं."

मी उठून बाहेर आलो.

लान्स नाईक अशोक, शिपाई सर्जेराव, शिपाई रामेश्वर, शिपाई भीमा. या चौघांची नावं युनिटच्या स्मारकाच्या दगडावर आहेत. पाचव्या नावासाठी मी अर्ज केला होता. नियमात बसत नाही असं उत्तर आलं, आणि नियम म्हणून ते बरोबर आहे. ते नाव दुसरीकडं कुठंच नाही, म्हणून मी इथं लिहितोय. नाईक बंकट, रेडिओ ऑपरेटर, वय छत्तीस.