आईची टेक्स्ट फाइल

आईच्या बागेतलं चांगलं, जिवंत झाड माझ्या कोडमुळे तोडलं गेलं. आणि वरून मी तिलाच बोललो.

आई जाऊन आज वर्ष झालं. आता तरी लिहून टाकतो.

मोर्शीजवळ आमची संत्र्याची बाग. आई एकटी पाहायची. मी अकोल्यात नोकरीला, पायथॉन लिहिणारा शहाणा.

ती मोबाइलमध्ये बागेची नोंद ठेवायची. साधी टेक्स्ट फाइल, एका झाडाला एक ओळ.
"डिंक्या लागला." "पानं पिवळी." "यंदा खुश आहे."

मी म्हटलं, याची स्क्रिप्ट करतो. फाइल वाचायची आणि नेस्टेड डेटा बनवायचा: बागेत रांगा, रांगेत झाडं, झाडात त्याची दुखणी. झाडांना नंबर स्क्रिप्टच देणार.

मेलेल्या झाडाची ओळ आई रिकामी सोडायची. बागेत ती जागाही मोजतात.
माझ्या स्क्रिप्टनं रिकाम्या ओळी गाळल्या. चौथ्या रांगेत एक जागा रिकामी होती, तिथून पुढचे सगळे नंबर एकानं घसरले.

आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली होती, तेव्हा मीच बागेतल्या गड्यांना मेसेज पाठवला: चौथी रांग, अकरावं झाड, मुळं सडली, काढा.
बाग ताणावर होती. बहारासाठी पाणी बंद, सगळीच झाडं मलूल. माणसांनी मोजून अकरावं काढलं.
आजारी बारावं होतं.

आईनं परत गेल्यावर बागेतूनच फोन केला.

"राजा, चांगलं झाड गेलं रे."

"तू रिकामी ओळ कावून सोडली? मेलं म्हणून लिहायचं ना."

"मले नाही लिहवत तसं."

"मंग मशीनले कसं समजल?"

ती म्हणाली, "बरं. माह्यंच चुकलं."

मी हो म्हटलं.

रिकामी ओळ गाळायची की मोजायची, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. मला तेव्हाच कळलं होतं. तिला हे माहीत नव्हतं, म्हणून माझं निभावलं.
त्यानंतर ती आठ महिने होती. रोज फोन व्हायचा. मी एकदाही खरं सांगितलं नाही.

ती गेल्यावर तिच्या मोबाइलमधली फाइल उघडली.
एकही ओळ रिकामी नव्हती. मी शाळेत असताना गेलेल्या झाडांसमोरही तिनं एकेक करून लिहिलं होतं. मेलं. मेलं. मेलं.

चौथी रांग, अकरावी ओळ:
"चांगलं होतं. माह्या चुकीनं गेलं."

स्क्रिप्ट चालवली. एकही एरर आली नाही.

आई, तुझी फाइल पहिल्यापासून बरोबर होती. चूक माझी होती.

माफ कर. तुला साश्रू निरोप.